जपानी अक्षरं आणि पनवेलचा हट्ट

मला जपानी येत नाही. बोलता येत नाही आणि माणसं वाचतात तसं वाचताही येत नाही. तरीही नव्वदच्या दशकातली काही वर्षं मी पनवेलमध्ये एका खोलीत बसून जपानी माणसांचं हस्ताक्षर कॉम्प्युटरला वाचायला शिकवत होते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. या अंकाच्या संपादकांनाही हसू आलं. ‘पनवेल आणि जपान, म्हणजे धमालच असणार. जरा हलक्याफुलक्या अंगानं लिहा,’ असं त्यांनी सुचवलं. मी फोनवरच सांगितलं, की गमती होत्या, त्या येतील, पण काम गमतीचं नव्हतं. ज्यांना नुसतं हसायचं असेल त्यांनी पान उलटावं.

मी संख्याशास्त्राची एम.एस्सी. मुंबईतली नोकरी मुलगी झाल्यावर सोडली होती. आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो, मुलगी शाळेत जायला लागली आणि रिकामा दिवस खायला उठला. तेव्हा कळलं, की टपाल नाक्याजवळ औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर कुणी खरे म्हणून आहेत, त्यांना कॉम्प्युटर आणि गणित दोन्ही येणारं माणूस हवंय. खरे साहेब आधी तळोज्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. तिथं मशिनरी बसवायला आलेल्या जपानी मंडळींशी त्यांची ओळख झाली आणि त्या ओळखीतून हे काम त्यांनी खेचून आणलं होतं. मुलाखतीला त्यांनी माझी सर्टिफिकेटं बाजूला ठेवली आणि एक कागद पुढे सरकवला. त्यावर दोन अक्षरं होती. दोन्हींत एक उभी रेघ, दोन आडव्या.

‘ही एकच आहेत की वेगळी?’

‘वेगळी,’ मी म्हटलं. ‘एकात खालची आडवी रेघ लांब आहे, दुसऱ्यात वरची.’

‘सोमवारपासून या,’ ते म्हणाले.

पुढे कळलं, की एकाचा अर्थ माती आणि दुसऱ्याचा योद्धा. एका रेघेच्या लांबीवर माणूस मातीत जातो किंवा मातीतून उठतो.

काम काय होतं, ते साध्या शब्दांत सांगते. टोकियोची एक कंपनी असं यंत्र बनवत होती, की बँकेच्या आणि विम्याच्या फॉर्मवर लोकांनी हातानं लिहिलेलं नाव-पत्ता ते स्वतः वाचेल. आपल्याला ही अडचण पन्नासेक अक्षरांची आणि काही काना-मात्रांची. तरीसुद्धा हातानं लिहिलेला ख आणि ‘रव’ यांत आपण अडखळतो. घ आणि ध, भ आणि म यांच्यात तर शिरोरेघेच्या एवढ्याशा तुटीचा फरक. त्यांच्याकडे रोजच्या वापरातली अक्षरं दोन हजारांच्या घरात, आणि त्यातली कित्येक एकमेकांची सख्खी भावंडं.

यंत्राला शिकवायचं, तर त्याला नमुने दाखवावे लागतात. त्या कंपनीनं आपल्या कारखान्यांतल्या आणि ऑफिसांतल्या माणसांकडून छापील चौकटींमध्ये अक्षरं लिहून घेतली होती. वर छापील अक्षर, खालच्या चौकटीत माणसानं हातानं काढलेलं. ते कागद तिकडेच स्कॅन व्हायचे, टेपवर भरले जायचे आणि टेपा कुरिअरनं पनवेलला यायच्या. आमच्या मुली पडद्यावर एकेक चौकट बघायच्या आणि तीनपैकी एक शिक्का मारायच्या: ठीक, चूक किंवा अस्पष्ट. सांगितलेल्याऐवजी दुसरंच अक्षर लिहिलं असेल तर चूक. अक्षर तेच आहे, पण लिहिण्यात हात भलतीकडे गेलाय, तर अस्पष्ट.

त्यानंतर माझं काम. प्रोग्रॅम आधी अक्षराच्या जाड रेघा कोरून कोरून त्याचा नुसता सापळा ठेवायचा. मग चौकटीचे बारीक खण पाडून प्रत्येक खणात आडव्या रेघा किती, उभ्या किती, डावीकडे झुकलेल्या किती, उजवीकडे किती, हे मोजायचा. एका अक्षराचे शेकडो नमुने असे मोजले, की त्या अक्षराची एक सरासरी चण तयार होते. नवीन अक्षर आलं, की कुठल्या चणीशी ते जास्त जुळतं ते बघायचं. मूळ प्रोग्रॅम टोकियोचा होता. कुठलं अक्षर कुठल्याशी गफलत खातं ते शोधून त्यावर उपाय काढणं माझ्याकडे होतं. आता मुद्दा एवढाच लक्षात ठेवा, की ती चण ज्यांच्या हस्ताक्षरावरून बनवाल, त्यांचंच हस्ताक्षर यंत्राला वाचता येणार.

शिक्के मारणाऱ्या चौघी होत्या. त्यांतल्या दोघींशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. सलमा मोहल्ल्यातली, बी.कॉम., हाताला विलक्षण चपळ आणि तोंडानंही. रंजना म्हात्रे रोडपालीची, बारावी झालेली. तिच्या घरच्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती आणि भाऊ रोजंदारीवर जायचा, त्यामुळे घरात दर महिन्याला ठरलेला पैसा आणणारी ती एकटी. जपानी दोघींनाही येत नव्हतं. कामासाठी ते लागतही नव्हतं. आकार लागत होते. मग त्यांनी आकारांना नावं दिली. ‘तो शिडीवाला बघ गं.’ ‘चारपाई आली, पाय मोडलेली.’ एका अक्षराला त्या ‘फाटक’ म्हणायच्या. पुढे टोकियोच्या माणसानं त्याचा अर्थ खरोखर फाटक असाच सांगितला, तेव्हा सलमा दिवसभर फुगून फिरत होती. शिडीचा अर्थ मात्र डोळा निघाला. ते तिनं मान्य केलं नाही. ‘उनकी आँखें ऐसी होती होंगी,’ म्हणाली.

नावं अक्षरांना दिली तशी लिहिणाऱ्यांनाही. कागदावर माणसाचं नाव नसायचं, फक्त नंबर. पण रोज कुणाचं हस्ताक्षर बघितलं, की तो माणूस आपोआप कळायला लागतो. एक बाई प्रत्येक रेघ कागद फाटेल इतकी दाबून काढायच्या, त्या सासूबाई. एकजण पहिल्या ओळीत सजूनधजून लिहायचा आणि शेवटच्या ओळीपर्यंत त्याचा जीव कंटाळायचा, तो नवरदेव. आणि एक होते आजोबा. त्यांची रेघ थरथरायची, वळणावर थांबायची, चौकटीच्या बाहेर जाऊन परत यायची. आडव्या रेघा उलट्या बाजूला उतरत्या. पण एकही अक्षर त्यांनी सोडलेलं नव्हतं. सगळी पानं भरलेली. आजोबांचं पान आलं, की मुली बोलणं थांबवायच्या आणि चौकट मोठी करून बघायच्या. त्यांच्या निम्म्याहून जास्त चौकटींवर ‘अस्पष्ट’चा शिक्का पडायचा, पण तो मारताना रंजना दर वेळी म्हणायची, ‘लिवलंय बरोबर हां ताई. हात ऐकत नाय त्यांचा.’

एक दिवस टोकियोहून फॅक्स आला. यंत्राचं प्रात्यक्षिक जवळ आलं होतं आणि यंत्र बरोबर वाचतं, त्याचं प्रमाण हवं तेवढं भरत नव्हतं. तेव्हा ‘अस्पष्ट’ शिक्क्याचे सगळे नमुने काढून टाकावेत. शिकवण्याच्या साठ्यातूनही आणि ज्यावर यंत्राची परीक्षा घ्यायची त्या साठ्यातूनही. खाली सही होसोदा नावाच्या इंजिनिअरची. आमच्याशी सगळा व्यवहार तेच करायचे.

खरे साहेब खुशीत होते. ‘काम कमी झालं, लिमयेबाई. कचरा काढायचा, बाकी ठेवायचं.’

मी फॅक्स पुन्हा वाचला. मग म्हटलं, ‘हे मी करणार नाही.’

त्यांना वाटलं मला वेळ लागेल म्हणून म्हणतेय. ‘सलमाला सांगा ना. एका कमांडचं काम आहे.’

‘तेच तर. एका कमांडमध्ये एवढी माणसं जातील. साहेब, हे यंत्र उद्या बँकेत बसणार. बँकेत काय फक्त चांगल्या अक्षराची माणसं येतात? शिकवायचं गुणी मुलांवर, परीक्षा घ्यायची गुणी मुलांची, आणि सांगायचं की वर्ग हुशार आहे.’

‘त्यांचं यंत्र, त्यांचे नमुने, त्यांची परीक्षा,’ खरे साहेब म्हणाले. ‘तुम्हाला पगार अक्षरं बघायचा मिळतो. न्याय द्यायचा नाही.’

हे वाक्य मला लागलं आणि अजून लागतं, कारण त्यात तथ्य होतं. खरे साहेब वाईट नव्हते. कारखान्यातली पक्की नोकरी सोडून त्यांनी हे उभं केलं होतं. वीज गेली तर मशिनं चालू राहावीत म्हणून बॅटऱ्यांची रांग स्वतः जोडली होती. पनवेलच्या मुलींना पनवेलमध्ये असलं काम देणारा दुसरा कुणी नव्हता. काम गेलं तर त्या चौघी घरी बसणार, हे त्यांनी मला बोलून दाखवलं आणि ते खोटं नव्हतं. घरी यजमानांचंही तेच म्हणणं पडलं. ‘तुला त्या जपान्यांचा एवढा पुळका का? त्यांची माणसं, ते बघतील.’

पुळका नव्हता. मला राग आला होता. संख्याशास्त्रात पहिल्या वर्षाला शिकवतात, की नको असलेली उत्तरं वगळून सरासरी काढणं म्हणजे स्वतःला फसवणं. हे मी शिकले होते, शिकवण्या घेताना शिकवलं होतं. आता पगार मिळतो म्हणून विसरायचं?

मी खरे साहेबांना सांगून, त्यांच्यासमोरच, होसोदांना फॅक्स लिहिला. इंग्रजीत, अगदी कोरडा. नमुने काढले तर आकडा वाढेल, वाचन वाढणार नाही, हे उदाहरणं देऊन मांडलं. खरे साहेबांनी तो वाचला, कपाळाला हात लावला आणि ‘पाठवा. तुमची समजूत तेच घालतील,’ म्हणाले.

उत्तर आलं नाही. महिना उलटायच्या आत होसोदा स्वतः आले.

उंच, किडकिडीत, पस्तिशीचे असावेत. जिना चढून वर आले तेव्हा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता, पण कोट हातावर नीट घडी करून धरलेला. खरे साहेबांनी टेबलावर फुलं ठेवली होती आणि मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की पाहुण्यांशी वाद नको. होसोदांनी प्रत्येकीला वाकून नमस्कार केला. इंग्रजी सावकाश, शब्द शोधत बोलायचे. चहा झाल्यावर ते थेट माझ्याकडे वळले.

‘तुमचं पत्र मी वाचलं. तुमचं बरोबर आहे. पण माझ्या वरिष्ठांनी आकडा सांगितला आहे. तो आकडा आला नाही, तर प्रकल्प बंद होईल. मग कुणाचंच हस्ताक्षर कुणी वाचणार नाही.’

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, ‘काढायचे ते नमुने तुम्ही एकदा बघितलेत का?’

‘यादी बघितली आहे.’

‘यादी नाही, अक्षरं.’

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी रंजनाला पान लावायला सांगितलं. तिनं न विचारता आजोबांचं लावलं.

होसोदा पडद्याकडे वाकले. वाकलेलेच राहिले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. दुसरं पान लावा, म्हणाले. मग तिसरं. खरे साहेब काहीतरी बोलायला गेले, त्यांना त्यांनी हातानंच थांबवलं.

‘या म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही आजोबा म्हणतो,’ मी सांगितलं. ‘वय झाल्यामुळे हात थरथरतो, पण एकही अक्षर त्यांनी टाळलेलं नाही.’

‘हा म्हातारा नाही,’ होसोदा म्हणाले. ‘हे अक्षर मी ओळखतो. हा माझ्या वयाचा आहे. आमच्याच कारखान्यात आहे. प्रेस मशीनमध्ये याचा उजवा हात गेला. हा डाव्या हातानं लिहायला शिकत होता. नमुने गोळा करताना मी याच्याकडे गेलो नव्हतो, हाच माझ्याकडे आला. म्हणाला, मलाही कागद द्या, मला सराव हवा आहे.’

मी मुलींना मराठीत सांगितलं. सलमानं डोक्यावरची ओढणी सारखी केली. इतके महिने ज्याला आम्ही म्हातारा समजून जपत होतो, तो तरणाताठा माणूस होता आणि आमची दया त्याला नकोच असती. उलट्या बाजूला उतरणाऱ्या त्या रेघा डाव्या हाताच्या होत्या. मला ते ओळखता आलं नव्हतं.

‘आणि तुम्ही याला काढून टाका म्हणून सही केलीत,’ मी म्हटलं.

‘हा त्यात आहे हे मला माहीत नव्हतं.’

‘यादीत नंबर होता.’

खरे साहेब मध्ये पडले. ‘लिमयेबाई, पुरे.’

तेवढ्यात रंजना बोलली. ती पाहुण्यांसमोर तोंड उघडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती होसोदांकडे. ‘ताई, याना सांगा. माज्या बापाचा नाव धर्मा. जमिनीच्या कागदान कोनी लिवला घर्मा. एवरीशी रेघ. तवापासून बाबा सगल्या हापिसान फिरतंय, घर्मा नि धर्मा येकच मानूस हाय म्हनून. जमीन गेली, तिच्या बदली पलाट आमाला मिलाला नाय अजून. सायेब म्हनतान, कागदान नाव बरोबर नाय तं तुमी नायच. मी कोनाला ‘नाय’ करनार नाय. मना नोकरीवरून काडा.’

मी शक्य तितकं तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. घ आणि ध कागदावर काढून दाखवले. होसोदा त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, ‘यांना कामावरून काढतील का?’

‘ते साहेबांना विचारा,’ मी म्हटलं. ‘आणि मलाही काढायला लागेल, कारण ती कमांड मीही देणार नाही. सलमा?’

‘मी तर कीबोर्डला हातच लावत नाही,’ सलमा म्हणाली आणि खरंच तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. पलीकडच्या दोघींनीही ठेवले.

खरे साहेबांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ओरडतील. ते खिडकीपाशी गेले, बाहेर बघत उभे राहिले आणि मग तिकडेच तोंड ठेवून म्हणाले, ‘होसोदासान, माझ्या ऑफिसात ही कमांड द्यायला माणूस नाही. तुम्हाला हवी तर तुम्ही द्या. मशीन समोर आहे.’

खरे साहेबांबद्दल मी पुढे बरंच वाईट बोलले आहे, तोंडावरही आणि मागेही. पण हे वाक्य त्यांचं आहे, त्यांच्या नावावर राहू दे.

होसोदांनी कमांड दिली नाही. ते काही शूरवीर ठरले असंही नाही. त्यांनी मधला मार्ग काढला: नमुने नष्ट करायचे नाहीत, वेगळ्या टेपवर काढून पनवेललाच ठेवायचे, आणि अहवालात दोन आकडे द्यायचे, एक स्वच्छ नमुन्यांचा आणि एक सगळ्यांचा. जाताना त्यांनी रंजनाला वाकून नमस्कार केला, इतरांपेक्षा जरा जास्त खाली. ती गोंधळून पदराशी चाळा करत राहिली.

पुढे काय झालं, तेही सांगते, कारण अशा गोष्टी इथेच संपवायची पद्धत आहे आणि मला ती आवडत नाही. टोकियोत प्रात्यक्षिक झालं. लोकांसमोर मांडला तो पहिला आकडा. दुसरा अहवालाच्या पोटात राहिला. वर आमचं कामही कमी केलं गेलं. त्रास देणारं ऑफिस म्हणून आमची नोंद झाली असणार. खरे साहेबांना दोघींना कमी करावं लागलं. त्यांतली एक सलमा. तिनं जाताना मला काही ऐकवलं नाही. ‘ताई, आप बुरा मत मानना, मी स्वतः हात काढला होता,’ एवढंच म्हणाली. वर्षभरात तिचं लग्न होऊन ती महाडला गेली. तिच्याइतका चपळ हात मला पुन्हा मिळाला नाही. त्याची खंत आहे आणि ती जाणार नाही. पण तोच दिवस पुन्हा आला, तर मी तेच करीन. सलमानंही तेच केलं असतं. तिच्या वतीनं मी हे लिहिते आहे, कारण मी तिला विचारलं आहे.

यंत्र बँकांमध्ये बसलं. आणि काउंटरवरच्या माणसांनी आपापल्या हातानं फॉर्म भरायला सुरुवात केल्यावर अडकलं. नुसतं अडकलं असतं तर चाललं असतं. ते खुशाल चुकीचं वाचायचं. ओळखता न आलेल्या अक्षरालाही जवळचं कुठलं तरी अक्षर चिकटवून मोकळं. लोकांची नावंच बदलायला लागली. मग एक दिवस आमच्याकडे फॅक्स आला. होसोदांचाच. वेगळी काढलेली ती टेप तुमच्याकडे सुरक्षित आहे ना, असं विचारलं होतं.

खरे साहेब तो फॅक्स घेऊन माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. ‘बघा, मी म्हटलं होतं,’ असं मी म्हटलं नाही. तेवढा मोठेपणा मी दाखवला. फार वेळ नाही, संध्याकाळपर्यंत.

मग खऱ्या अर्थानं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम सुरू झालं. मी त्यांना कळवलं, की अस्पष्ट नमुने घालून नवीन चणी बनवीन, एका अक्षराला एकच नाही तर दोन-तीन, कारण माणसं लिहितात तितक्या प्रकारे. पण त्याच्याही आधी यंत्राला एक गोष्ट शिकवीन. जिथे पहिली आणि दुसरी जुळणी फार जवळजवळ असेल, तिथे त्यानं अंदाज ठोकायचा नाही. ‘मला कळलं नाही’ म्हणायचं आणि ती चौकट माणसापुढे ठेवायची.

टोकियोहून आधी नकार आला. ‘कळलं नाही’ म्हणणारं यंत्र कोण विकत घेणार, असा तिथल्या विक्री विभागाचा सवाल होता. मी उलट लिहिलं, की तुमचं आत्ताचं यंत्र दुसऱ्याचंच नाव सांगतं, ते कोण ठेवून घेणार. दोन-तीनदा असं झालं. आमच्या फॅक्सचं बिल बघून खरे साहेब हवालदिल झाले, पण या वेळी त्यांनी मला अडवलं नाही. एकदा तर माझा मसुदा वाचून, ‘दुसरा परिच्छेद जरा मऊ पडलाय,’ असं म्हणाले.

शेवटी ते झालं. चाचणीच्या दिवशी रंजनानं त्या डाव्या हाताच्या माणसाचं, शिकवताना मुद्दाम बाजूला ठेवलेलं एक पान लावलं. आता आम्ही त्यांना आजोबा म्हणत नव्हतो. यंत्रानं निम्म्याहून जास्त चौकटी बरोबर वाचल्या. काही चुकल्या. बाकीच्यांवर ‘कळलं नाही’ची खूण केली आणि पान रंजनापुढे ठेवलं. तिनं एकेक चौकट मोठी केली, वरच्या छापील अक्षराशी ताडून बघितली आणि शिक्का मारला. सगळ्या ठीक.

मी होसोदांना फोनवर विचारलं, त्या गृहस्थांना हे सगळं सांगितलंत का. ते म्हणाले, ‘नाही. आपल्या हस्ताक्षरावरून परदेशात भांडण झालं, हे त्याला आवडणार नाही. शिवाय आता तो माझ्यापेक्षा चांगलं लिहितो.’

ते यंत्र काही वर्षं चाललं. मग लोक हातानं लिहिणंच सोडायला लागले. फॉर्मच्या जागी कीबोर्ड आले, नंतर आमच्या टेपा यायच्या थांबल्या आणि त्या दशकाच्या अखेरीला ऑफिस बंद झालं. मला ओळखीचे लोक तेव्हाही म्हणाले आणि अजून म्हणतात, की एवढं केलंत ते सगळं वायाच गेलं. मी त्यांना काही समजावायला जात नाही. वाया गेलं असतं, ते मी कमांड दिली असती तर.

ऑफिस बंद झाल्यावर रंजनानं कळंबोलीत टायपिंगचा गाळा टाकला. एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर बाक. गावातल्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची, विशेषतः जमिनीचे आणि प्लॉटचे. तिच्या वडिलांचं काम तोवर झालं होतं. घर्मा आणि धर्मा एकच, असा कागद त्यांना हयातीत मिळाला. एकदा दुपारी मी सहज तिच्याकडे गेले, तर बाकावर चार-पाच माणसं आणि ती एका पागोटेवाल्याशी तावातावानं बोलत होती. त्याचा हातानं लिहिलेला अर्ज नाव लागत नाही, वाचता येत नाही, म्हणून साहेबानं परत पाठवला होता.

‘लागत नाय म्हंजे? त्यांनी वाचला का नीट?’ रंजना उठली. तिनं पर्स खांद्याला लावली. ‘चल काका, मी येतंय तुज्यासंगती. ताई, तुमी जरा बसा दुकानात.’

‘अगं, मला काय येतंय तुझ्या अर्जांतलं?’

ती रस्ता ओलांडूनही गेली होती, आणि पागोटेवाले काका तिच्यामागे जवळजवळ पळत होते.

बाकावर पुढे बसलेली एक म्हातारी उठून आत आली. तिनं कमरेच्या पिशवीतून चौपदरी घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

‘माज्या लेकान लिवलंय,’ ती म्हणाली. ‘हापिसान म्हनतान, वाचता येत नाय.’

मी घडी उलगडली, चष्मा लावला आणि कागद दाराच्या उजेडाकडे धरला.

‘येतं,’ मी म्हटलं. ‘बसा.’